लिएनताईंचं नाक

लिएनताईंच्या घरी डुकराचं कच्चं मांस टॉवेलांच्या कपाटात आंबत असे. जुन्या इंग्लिश घरांत जिन्याच्या वरच्या टोकाला एक कपाट असतं. त्यात खाली गरम पाण्याची तांब्याची टाकी, आणि वर लाकडी पट्ट्यांच्या फळ्या. टाकीच्या उबेने चादरी-टॉवेल कोरडे राहतात. लीड्समधल्या त्यांच्या गल्लीत सगळ्या घरांना असं कपाट होतं. त्यांच्या कपाटात मात्र जानेवारी संपत आला की चादरी खाली यायच्या आणि केळीच्या पानात बांधलेल्या छोट्या पुड्या वर जायच्या.

त्या या वसंतात वारल्या. त्यांच्या मुलीने, किमने, प्रार्थनेच्या वेळी वाचायला काही लिहून मागितलं. मी इंग्रजीत चार ओळी दिल्या: प्रामाणिक, कष्टाळू, वगैरे. त्या चार ओळींत लिएनताई कुठेच नव्हत्या, म्हणून हे लिहिते आहे.

मी नागपूरहून इथल्या हॉस्पिटलच्या मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये आले तेव्हा त्या तिथे सीनियर होत्या. उंची माझ्या खांद्याइतकी, केस आखूड, कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. व्हिएतनाममधून तरुणपणी बोटीने निघून, मध्ये एका कॅम्पात राहून त्या इकडे आल्या होत्या. त्याबद्दल विचारलं तर "बोट लहान होती" एवढंच सांगायच्या आणि दुसरा विषय काढायच्या. इंग्रजी मात्र अस्सल यॉर्कशरचं. रागावल्या तरी शेवटी "लव्ह" लावायच्या. "ही प्लेट कोणी अशी ठेवली, लव्ह?" असं त्यांनी विचारलं की आम्ही सगळे खाली बघायचो.

इथे सगळे सगळ्यांना नावाने हाक मारतात. माझ्या तोंडून नुसतं लिएन निघेना. मी वाक्यंच अशी करायचे की नाव घ्यावं लागू नये. त्यांच्या ते लक्षात आलं.

"तुमच्याकडे मोठ्या बहिणीला काय म्हणतात?"

"ताई."

"मग ते लाव. आमच्याकडेही नुसतं नाव घेत नाहीत. घेतलं तर भांडण आहे असं समजतात."

तेव्हापासून त्या लिएनताई. काही वर्षांनी सगळी लॅबच त्यांना "टाई" म्हणायला लागली. त्याचा अर्थ काय हे कुणी विचारलं नाही.

त्यांची लॅबमधली ख्याती नाकाची होती. जंतू वाढवलेल्या प्लेट्सचा वास घ्यायचा नाही असा नियम आहे, आणि तो बरोबर आहे. पूर्वीचे लोक झाकण उघडून वास घेऊन जंतू ओळखायचे आणि काही जण त्यापायी आजारीही पडले. लिएनताई नियम मोडत नसत. पण इनक्युबेटरचं, म्हणजे प्लेट्स उबेत ठेवायच्या कपाटाचं, दार कुणी उघडलं की त्या खोलीच्या दुसऱ्या टोकाहून मान वर न करता म्हणायच्या, "तिसऱ्या फळीवर द्राक्षांचा वास येतोय." तिसऱ्या फळीवर हमखास तसा वास सोडणारा हिरवट जंतू निघायचा. एकदा नव्या मॅनेजरने त्यांना नियमाची आठवण करून दिली.

"मी वास घेत नाही," त्या म्हणाल्या. "वास माझ्याकडे येतो. त्याला नियम दाखवा, लव्ह."

बाकी कामात त्या इतक्या काटेकोर की जीव नको व्हायचा. सकाळी आल्या की आधी प्रत्येक फ्रीजचं, प्रत्येक इनक्युबेटरचं तापमान लिहायचं, मग कोट, मग "गुड मॉर्निंग". नमुन्यावरचं लेबल जरा पुसट दिसलं की "शंका आली ना? फेक." डॉक्टरांनी वरून फोन करून कितीही आरडाओरडा केला तरी त्यांचा आवाज चढत नसे. "पुन्हा पाठवा. मला शंका आहे."

अशा बाईच्या घरी कच्चं मांस बिनथर्मामीटरचं कपाटात आंबतं, हे मला कळलं तेव्हा मी हसले होते. त्यांनी मला घरी बोलावलं ते मदतीला. त्यांच्या नववर्षाआधीचा शनिवार होता. स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्रं पसरली होती. शेतावरच्या खाटकाकडून त्या स्वतः पहाटे मांस घेऊन आल्या होत्या. पायाचं, बिनचरबीचं, आणि "आज सकाळपर्यंत चालत होतं" असं. ते कुटून चिकट लगदा केलेला. उकडलेल्या कातडीचे शेवयांसारखे बारीक तुकडे. भाजून दळलेला तांदूळ, मीठ, साखर, मिरी. सगळं मळून झालं की लिंबाएवढा गोळा घ्यायचा, त्यावर लसणाची एक चकती, लाल मिरचीची एक चकती, मग एक हिरवं पान चिकटवायचं आणि केळीच्या पानात घट्ट बांधायचं. याला नेम म्हणतात. घट्ट बांधायचं, कारण हवा आत राहिली तर आंबायच्या ऐवजी नासतं. आंबण्यात आणि नासण्यात फरक तेवढाच.

ते हिरवं पान हातात घेतलं आणि मी थांबले. चुरडून वास घेतला. पेरू.

"लीड्समध्ये पेरूचं पान कुठून आणलंत?"

त्यांनी मला मागच्या काचेच्या खोलीत नेलं. तिथे बादलीएवढ्या कुंडीत कमरेइतकं पेरूचं झाड होतं. त्याला कधी पेरू लागला नव्हता आणि लागणारही नव्हता. हिवाळ्यात ते स्वतःच्या छोट्या हीटरशेजारी बसायचं. येता-जाता त्या त्याचं एखादं पान तोडायच्या, चुरडायच्या, स्वतः हुंगायच्या आणि मग समोर जो असेल त्याच्या नाकाखाली धरायच्या.

"काय?"

काहीतरी उत्तर द्यावं लागायचं. "छान" म्हटलेलं चालत नसे. "छान हा वास नाही," त्या म्हणायच्या. "नीट सांग."

त्या दिवशी मी मळलं, बांधलं, फळ्यांवर रचलं. काही दिवसांनी नेम तयार झाले तेव्हा त्यांनी एक सोलून माझ्यापुढे धरला. मी नको म्हटलं.

"का? तू बौद्ध, मी बौद्ध. पौर्णिमेला मी भाजी खाते तेव्हा तू माझ्यासमोर मटण खातेस. आता डुक्कर नको?"

मी खरं ते सांगितलं. आमच्या घरी डुकराचं नावही काढायचं नाही अशी वडिलांची ताकीद होती. त्यात देवाधर्माचा काही संबंध नव्हता. गावात आमच्या वस्तीला लोक जे जे म्हणायचे त्यात डुकराचा उल्लेख असायचा, आणि वडिलांनी तो शब्दच घरातून काढून टाकला होता. आजोबांनी दीक्षा घेतल्यावर चान्याही बंद झाल्या. चान्या म्हणजे गुराच्या मांसाच्या पट्ट्या मीठ लावून उन्हात वाळवलेल्या. माझी आत्या तरी त्या चोरून करायची आणि वास आला तर शेजारणींना सांगायची, सुकट वाळत घातलीय.

लिएनताईंनी सगळं ऐकून घेतलं. "आत्या हुशार होती," म्हणाल्या आणि तो नेम स्वतः खाऊन टाकला. पुन्हा कधी आग्रह केला नाही. दर वर्षी मी नेम बांधायचे आणि खायचे नाही, आणि त्यात त्यांना काही वावगं वाटलं नाही.

त्यांचा एक रिवाज होता, आणि तो फक्त त्यांचाच नव्हता. शहरातली व्हिएतनामी मंडळी नववर्षाला एका चर्चचा हॉल भाड्याने घेतात. लिएनताईंचे नेम तिथे मधल्या टेबलावर असायचे. पण त्यांना कुणी आधी हात लावायचा नाही. कच्चं मांस आहे. ज्या बाईने केलं तिने सगळ्यांसमोर पहिला नेम खायचा आणि चांगला झाला आहे असं तोंडाने सांगायचं. त्यांच्या भाषेत तो एकच शब्द आहे. लिएनताई उभ्या राहायच्या, चावायच्या, सगळा हॉल त्यांच्या तोंडाकडे बघत राहायचा, अगदी पोरंसुद्धा. मग त्या तो शब्द म्हणायच्या आणि एकदम गलका व्हायचा. तान म्हणून एक खूप म्हातारे गृहस्थ होते, ते दर वर्षी म्हणायचे, "लिएन सांगते म्हणजे झालं. आता मेलो तरी चालेल."

त्या एका शब्दावर त्यांचं त्या मंडळींतलं सगळं स्थान उभं होतं असं म्हटलं तरी चालेल. नवरा लवकर गेला होता, नातेवाईक नव्हते, किम शिकून लंडनजवळच्या रीडिंग गावी आयटीत गेली होती. बाकी लोक जोडीने, कुटुंबाने यायचे. लिएनताई नेमांचा डबा घेऊन यायच्या.

निवृत्त झाल्या, आणि त्यानंतर करोना आला. त्यांनाही झाला, पण हलका, घरच्या घरी. बऱ्या झाल्यावर मी भेटायला गेले. त्यांनी चहा केला. दुधाच्या बाटलीतून कपात घट्ट गोळे पडले. दूध फाटलेलं होतं. मला तर टेबलाच्या पलीकडून वास आला. त्यांनी चमच्याने ढवळलं, एक घोट घेतला आणि किमच्या नव्या नोकरीचं सांगायला लागल्या.

मी कप त्यांच्या हातातून काढून घेतला.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग कपात बघितलं.

"किती दिवस?" मी विचारलं.

"आजारापासून. येईल परत. लोकांचं येतं."

"चव?"

"खारट कळतं. तिखट झोंबतं. बाकी कापूस." मग बोट माझ्यावर रोखून, अगदी लॅबमधल्या आवाजात, "कुणाला सांगायचं नाही. किमला तर नाहीच. समजलं, लव्ह?"

वर्ष गेलं, दुसरं आलं. वास परत आला नाही. आम्ही एक व्यवस्था ठरवली, म्हणजे त्यांनी ठरवली आणि मी हो म्हटलं. नेम तयार झाले की मी हुंगायचे, त्या खायच्या. "तुझं नाक, माझं तोंड." मी लॅबमधली आम्लता तपासायची कागदी पट्टी वापरा म्हटलं तर त्यांनी हात झटकला. घरात लॅब नको. इतकी वर्षं कपाटाने दगा दिला नाही. आणि खरंच, दोन वर्षं सगळं ठीक झालं. आंबूस वास यायचा, पानाचा वास यायचा, मी मान हलवायचे, हॉलमध्ये त्या खाऊन शब्द म्हणायच्या. कुणाला काही कळलं नाही.

मग किमने आईला नवा बॉयलर बसवून दिला.

तिचं काही चुकलं नाही. जुना बॉयलर खरोखरच कुरकुर करायचा. नवा म्हणजे भिंतीवर एक पांढरा खोका. नळ उघडला की तेवढ्यापुरतं पाणी तापवतो, साठवत नाही. त्यामुळे टाकी लागत नाही. माणसं आली आणि जिन्यावरच्या कपाटातली तांब्याची टाकी उचलून घेऊन गेली. लिएनताईंनी मला मुद्दाम फोन करून सांगितलं.

"नंदा, कपाट दुप्पट झालं! खालीसुद्धा दोन फळ्या मारून घेतल्या. या वर्षी सगळ्यांना घरी न्यायला पण देता येतील."

मीही म्हटलं, वा. आम्ही दोघी जन्मभर इनक्युबेटर सांभाळलेल्या बायका. रोज सकाळी तापमान लिहिणाऱ्या. दोघींच्याही डोक्यात आलं नाही की त्या कपाटात ऊब होती ती टाकीची होती.

नववर्षाच्या आदल्या दिवशी मी गेले. त्यांनी वरच्या फळीवरून एक पुडी आणली, टेबलावर सोडली, पहिला तुकडा तोडून तोंडात टाकला. त्यांना घाई झाली होती. मी आधी हुंगायचं होतं, पण डबे भरायचे राहिले होते. त्या चावत होत्या. मग त्यांनी तो शब्द म्हटला. तोच, हॉलमधला. आनंदाने म्हटला.

मी उरलेला तुकडा उचलला. लसूण, मिरी, पेरूचं पान. आणि त्याखाली खाटकाच्या ट्रेचा वास. बाकी काही नाही.

"लिएनताई, हे आंबलेलं नाही."

"आंबलंय."

"नाही."

"तू कधी खाल्लं आहेस?"

"नाही खाल्लं. पण आंबलेलं मला कळतं. माझ्या घरी रोज दही लागतं. हे कच्चं आहे. थुंका."

त्या चावायच्या थांबल्या. माझ्याकडे बघत राहिल्या. मी मस्करी करत नाही ना हे बघत होत्या. मग कागदी रुमालात थुंकल्या, नळाखाली तोंड धुतलं, आणि जिना चढून गेल्या. मी मागोमाग गेले. त्यांनी कपाटाचं दार उघडलं, पुड्यांच्या मधून हात आत घातला आणि मागच्या भिंतीला टेकवला. तसाच ठेवला.

"गार आहे," त्या म्हणाल्या. मग हात बाहेर काढून, "टाकी नाही."

मीही आत हात घालून बघितला.

"मी चांगलं झालंय म्हणाले," त्या म्हणाल्या. "तू नसतीस तर उद्या हॉलमध्ये म्हणाले असते. तान खातो. पोरं खातात."

मी सुचवलं की तळून बघू, निदान काही वाया जाणार नाही. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा ट्रेनी झाले. "शंका आली ना?" एवढंच म्हणाल्या. सगळ्या पुड्या काळ्या पिशव्यांत गेल्या. त्यांनी एकेक फळी रिकामी केली, ब्लीच टाकून पुसली, आणि खाली आल्यावर म्हणाल्या, "किमला कपाटाचं सांगायचं नाही. तिने हौसेने बसवलाय. मांस खराब निघालं म्हण."

दुसऱ्या दिवशी हॉलवर मी त्यांच्याबरोबर गेले. त्या पहिल्यांदाच रिकाम्या हाताने आल्या होत्या आणि हातांचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं. शेवटी त्यांनी दारात उभं राहून लोकांचे कोट घ्यायला सुरुवात केली. मधल्या टेबलावर लंडनच्या दुकानातले नेम होते, प्लॅस्टिकच्या वेष्टनातले. कमिटीचा एक उत्साही तरुण सेक्रेटरी होता, त्याने सकाळी फोनाफोनी करून कुणाकडून तरी मागवले होते. भला पोरगा. तो जवळ येऊन म्हणाला, "आँटी, काळजी करू नका. पुढच्या वर्षीपासून आपण हेच मागवू. तुम्ही किती दिवस करणार? तुमचंही वय झालं."

तान आजोबा लंडनचा नेम चघळत होते. "गोड आहे," ते म्हणाले. "मिठाईसारखा. हा खाऊन मेलो तरी चालेल असं नाही म्हणता येणार."

लिएनताईंनी एका हातावरचे कोट दुसऱ्या हातावर घेतले. "पुढच्या रविवारी," सेक्रेटरीला म्हणाल्या. "हॉल मिळेल का बघ. नाही मिळाला तर माझ्या घरी. सगळ्यांना सांग."

गाडीत बसल्यावर मी विचारलं, "आंबवणार कुठे?"

"तू सांग. तुझं दही इथल्या थंडीत कुठे लागतं?"

"ओव्हनमध्ये. ओव्हन बंद ठेवायचा, आतला दिवा फक्त चालू. दिव्याची ऊब पुरते. इडलीचं पीठसुद्धा तसंच फुगतं."

"दिव्याची?"

"दिव्याची."

हेडिंग्लीच्या सिग्नलला म्हणाल्या, "आणि मी तीस-पस्तीस वर्षं चादरी वर-खाली करतेय."

त्या आठवड्यात पुन्हा मांस आलं, पुन्हा कुटलं, पुन्हा बांधलं. या वेळी त्यांनी ओव्हनमध्ये थर्मामीटर लटकवला आणि सकाळ-संध्याकाळ तापमान लिहिलं. आम्लतेची पट्टीसुद्धा मागून घेतली. शनिवारी मी गेले तेव्हा एक नेम बशीत सोलून ठेवला होता आणि शेजारी पट्टी. पट्टीचा रंग हवा तसा बदललेला होता. मी हुंगलं. आंबूस वास आला, स्वच्छ.

"झालंय," मी म्हटलं. "पट्टी पण सांगतेय."

"पट्टी सांगते आंबट आहे. चांगलं झालंय का ते पट्टी सांगत नाही. वासावरूनही नाही कळत." त्यांनी बशी माझ्याकडे ढकलली नाही. टेबलावर तिथेच राहू दिली. "मीठ बरोबर पडलंय का, आंबट जास्त झालंय का, पान कडवट उतरलंय का. उद्या मी उभी राहून सांगणार. मला माहीत असलेलं सांगायचंय. नाहीतर लंडनवालाच बरा. त्याच्या पाकिटावर लिहिलेलं तरी असतं."

त्यांनी खा म्हटलं नाही. तेव्हाही नाही.

वडिलांची आठवण आली का? आली. आत्याचीही आली. मी एक तुकडा घेतला आणि खाल्ला.

"काय?" त्या म्हणाल्या.

"छान," मी म्हटलं.

"छान ही चव नाही."

मग मी नीट खाल्लं आणि नीट सांगितलं. आधी दाताखाली लवचिक, कातडीचे तुकडे जरा कुरकुरीत. मग आंबट, पण कैरीचं नाही, चिंचेचं नाही. दह्यावर सुटलेलं पाणी असतं ना, तसं आंबट, मऊ. मागून थोडं गोड. मग लसूण, आता कच्चा न राहिलेला. मिरी शेवटी, घशाशी. आणि सगळं संपल्यावर जिभेच्या कडेला पेरूच्या पानाचा तुरटपणा.

त्यांनीही एक तुकडा तोंडात टाकला होता. डोळे मिटले होते.

"पुन्हा सांग," त्या म्हणाल्या. "हळू. मी चावतेय."

मी पुन्हा सांगितलं. कुरकुरीत म्हटलं तेव्हा त्यांनी मान हलवली. आंबट म्हटलं तेव्हा चावणं थांबवून वाट बघितली, आणि मग पुन्हा हलवली.

"गोड किती? लंडनइतकं?"

"छे. त्याच्या पाव."

"तुरट आहे ना नक्की?"

"आहे."

त्यांनी गिळलं. डोळे उघडले. "लाल मिरची जरा कमी पडलीय," त्या म्हणाल्या. "ती मला कळते."

रविवारी हॉल मिळाला. अपेक्षेपेक्षा जास्त लोक आले. अफवा पसरली होती की लिएनचं काहीतरी बिनसलंय. त्या उठून उभ्या राहिल्या. खोलीत नेहमीसारखी शांतता झाली. पण या वेळी खायच्या आधी त्या बोलल्या, त्यांच्या भाषेत, थोडंसंच. मला त्यातलं माझं नाव तेवढं कळलं. सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. शेजारी बसलेल्या सेक्रेटरीने हळूच अर्थ सांगितला: मला आता वास येत नाही, चवही येत नाही. गेल्या आठवड्यातलं मी फेकून दिलं. हे मी केलंय आणि हिने चाखलंय. हिच्यावर माझा विश्वास आहे. तुम्हाला नसेल तर खाऊ नका.

मग त्यांनी पहिला नेम सोलला, अर्धा तोडून मला दिला आणि अर्धा स्वतः तोंडात टाकला. दोघी चावत राहिलो. एवढ्या लोकांसमोर चावणं सोपं नसतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यांनी तो शब्द म्हटला.

या वेळी लगेच गलका झाला नाही. क्षणभर कुणीच हललं नाही. मग तान आजोबा काठी टेकत उठले, टेबलाशी गेले, पुडी सोडायला बोटं चालेनात म्हणून सेक्रेटरीपुढे धरली, आणि त्याने उघडून दिल्यावर नेम खाल्ला. बराच वेळ चावत राहिले. "मिरची कमी आहे," म्हणाले आणि दुसरा उचलला. मग बाकीचे उठले.

त्यानंतर अजून एक नववर्ष असंच झालं. मग गुडघे गेले, जिना चढवेना, आणि किम त्यांना रीडिंगला न्यायला आली. वास नाही हे तोपर्यंत तिला कळलंच होतं; हॉलमध्ये जाहीर केलेली गोष्ट रीडिंगला पोचायला कितीसा वेळ लागतो. ती रडली होती म्हणे. लिएनताई म्हणाल्या, "नाक माझं गेलं आणि रडते ही."

किमने आईचा नेम आयुष्यात खाल्ला नव्हता. लहानपणी शाळेतल्या मैत्रिणी घरी आल्या की ती जिन्यावरचं कपाट पाठीने दाबून उभी राहायची. तिनेच मला सामान भरताना हे सांगितलं. ओव्हनमधला थर्मामीटर कागदात गुंडाळत असताना मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "आँटी, चव कशी असते ती? ममने सांगितलंय, तिकडे मला सांगावं लागणार."

मला सगळं पाठ होतं. दह्याचं पाणी, मिरी, तुरट पान. पण मी सांगितलं नाही. "ते खाऊनच सांगायचं असतं," मी म्हटलं. "आणि छान म्हणू नकोस."

पेरूचं झाड डिकीत मावत नव्हतं. लिएनताईंनी ते पुढच्या सीटवर ठेवायला लावलं, कुंडीला सीटबेल्ट बांधून घेतला, आणि स्वतः मागे बसल्या, मांडीवर डब्यांची पिशवी घेऊन. निरोपाचं काही बोलणं झालं नाही. त्यांनी काच खाली करून मला एवढंच सांगितलं की लॅबमधल्या नव्या मुलींना तापमान रोज लिहायला लाव, आठवड्याचं एकदम लिहितात त्या. मी हो म्हटलं.

गाडी गल्लीच्या टोकाला, मोठ्या रस्त्यावर वळायला थांबली. मागच्या काचेतून त्यांचं डोकं दिसत होतं. त्या पुढे वाकल्या, झाडाचं एक पान तोडलं, चुरडलं आणि सवयीने स्वतःच्या नाकाशी नेलं. क्षणभर तसंच धरलं. मग त्यांचा हात दोन सीटांमधून पुढे गेला, किमच्या नाकाखाली.

गाडीचा उजवा इंडिकेटर लुकलुकत होता, रस्ता मोकळा होता, तरी गाडी हलेना. किम उत्तर शोधत असणार.